ओल्या पट्टीतले सदाशिवराव

सदाशिवरावाले जाऊन आता तीन वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वंगाळ बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मी बोलणार आहे, कारण त्याच्यासंग बारा वर्षं मी काढली, तुमी नाई काढली.

घराणं आर्वीचं, कापडाच्या दुकानाचं. बाप गादीवर, मोठा भाऊ गादीवर. याले बसवलं तं हा गिऱ्हाइकाले सांगे, "तुमच्या अंगाले हा रंग शोभत नाई." दोन महिन्यांत बापानंच उठवलं. मंग वर्ध्याले एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. तीस वर्षं पोट्ट्यांकडून वांगं अन् सुरई काढून घेतली, अन् त्र्याण्णव साली रिटायर झाला. घरात कोणी ऐकून घेईना. तवा बोरगाव मेघेच्या टोकाले एका संस्थेची टिनाची शेड रिकामी पडली होती, ती यानं मागून घेतली अन् वर पाटी ठोकली: सर्वांची कार्यशाळा.

पाटी चांगली होती. लेथ, ड्रिल, वेल्डिंग मशीन संस्थेचं. कोणीही यावं, शिकावं, आपली वस्तू आपल्या हातानं बनवून न्यावी. मी तिथं वेल्डर म्हणून चौऱ्याण्णवले लागलो. लोक यायचे, नाई असं नाई. दूधवाला तुटलेल्या कॅनले कडी बसवून नेई. पोट्टे लोखंडी स्टंप बनवून नेत. पिपरी मेघेच्या प्रेमदासनं चहाच्या गाड्याचा अख्खा सांगाडा तिथंच जोडला, अन् तो गाडा अजून चालून राह्यला. पण सदाशिवरावाच्या लेखी हे सगळं भंगारकाम. "हेमराज," म्हणे, "इथं प्रकल्प झाले पाह्यजेत, प्रकल्प!"

झाले ना प्रकल्प. तीन आरशांची सूर्यचूल झाली. सकाळी नऊले डाळ ठेवली तं चार वाजता दाताखाली कटकट वाजे. पाहुण्याईले जेवू घातली ती डाळ माह्या घरून आली होती, माह्या बायकोनं, दीपालीनं, स्टोव्हवर शिजवलेली. पाहुणे म्हणाले, "वा, उन्हाची चव काही वेगळीच!" सदाशिवराव मान हलवून राह्यला. मंग सायकलची चक्की झाली. त्या चक्कीवर जेवढं दळण निघे, त्याच्यापेक्षा दोन पोळ्या जास्त पायडल मारणाऱ्याले लागत. बारा वर्षांत त्याचे हात काळे झालेले मी पाह्यले नाई. घडीची फूटपट्टी घेऊन लांबूनच दाखवायचा, इथं जोड, तिथं काप. बिघडलं की वापरणारा अज्ञानी, सुधरलं की अक्कल सराची. आमी त्याले तोंडावर सर म्हणत होतो. पाठीमागं काय म्हणत होतो ते इथं लिहून भागणार नाई.

नव्व्याण्णव साली त्याच्या डोक्यात पऱ्हाटी शिरली.

कापूस वेचून झाला की वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, उभी राह्यते. ती उपटावी लागते. फाल्गुनात आमची काळी जमीन दगडावानी होते. बाया हाताले फडकं गुंडाळतात अन् एकेक झाड ओढतात, संध्याकाळी बोटं मिटत नाईत. सदाशिवरावानं ठरवलं की यावर यंत्र पाह्यजे. कल्पना वाईट नोयती, हे मी कबूल करतो. पाच फुटाचा पाइप, खाली झाड धरणारा जबडा, मधात टेकू म्हणून चाक. पाइप दाबला की झाड मुळासकट वर. जोडणी माही. नाव त्याचं: पऱ्हाटीउपाड्या.

आता रुखमाचं सांगतो. रुखमा मडावी कार्यशाळेत झाडलोट करायची, पाणी भरायची. गोंड बाई, माहेर आर्वीच्या पुढं जंगलाकडं, खैरटेकडी नावाचं गाव. नवरा नत्थू विटाभट्टीवर. लहानपणापासून वावरात राबलेली, म्हणून संस्थेच्या कागदावर तिचं एक काम आणखी होतं. शेतीचं कोणतंही अवजार पास करायचं तं चाचणी मजूर बाईनं घ्यावी अन् कागदावर अंगठा द्यावा, असा नियम होता. आमची मजूर बाई म्हणजे रुखमा.

चाचणी व्हायची शेडच्या मागच्या पट्टीत. तिथं सदाशिवरावानं मुद्दाम कपाशी लावली होती. चाचणी म्हटली की पाहुणे आले, अन् पाहुणे आले की सडा आला. आपल्याकडं कोणाच्या घरी पाहुणा कोरड्या अंगणात येते? रुखमा सकाळपासून बादल्या ओते. अंगण झालं की पट्टी. "धूळ उडाली नाई पाह्यजे," सदाशिवराव फूटपट्टीनं दाखवे, "तिकडं मुळापाशी पण टाक." अन् दहा वाजता पाहुण्याईसमोर पऱ्हाटी मुळ्यासारखी उपटून येई. टाळ्या!

हे आमाले सगळ्याईले दिसत होतं. प्रेमदासच्या गाड्यावर चहा पिताना मी नक्कल करून दाखवायचो: पहिले झाडाले पाणी पाजायचं, त्याले झोप लागली की हळूच उचलायचं. लोक पोट धरून हासत. मले वाटे, म्हातारं भैताड आहे, याले ओल अन् कोरड समजत नाई.

रुखमानं मात्र त्याले तोंडावर इचारलं. "सरजी, वावरात सडा कोन टाकन?"

"रुखमाबाई," सदाशिवराव म्हणे, "तुमी बादली पाहा. यंत्र आमी पाहू."

कागद समोर आला तवा ती माह्याकडं पाहून राह्यली. "हेमराजभाऊ, देऊ काय अंगठा? कोरड्यात चालन काय हे?"

मी म्हटलं, "चालते वो. दे ना, म्हातारा खूश होईन." मले लवकर घरी जायचं होतं. तिनं अंगठा देल्ला.

चाळीस उपाडे बनले. कुठं द्यायचे? सदाशिवराव म्हणे, रुखमाच्या माहेरी. तिथल्या बाया तिचं ऐकतात. दोन हजार एकच्या फाल्गुनात आमी टेम्पो घेऊन खैरटेकडीले गेलतो. रुखमा नवं लुगडं नेसली होती. गावच्या बायाईपुढं ती उभी राह्यली अन् आपल्या भाषेत बोलली. मले शब्द समजले नाईत, पण दोघं-तिघं गडी हासले तं तिनं त्याईले असं झापलं की ते उठूनच गेले. तिची भावजय आनंदाबाई सगळ्यात पुढं बसली होती. पहिला उपाड्या तिनंच घेतला.

वावरात जमीन दगड. आनंदाबाईनं पाइपावर सगळं वजन टाकलं, झाड हाललं नाई, जबडा सटकला अन् पाइप उलटा तिच्या तोंडावर आला. समोरचे दोन दात गेले, ओठ फाटला. आठ दिवसांत चाळीसच्या चाळीस उपाडे लोकाईनं कुंपणाले लावून टाकले. रुखमा पाहाले गेली तं भावानं उंबऱ्यातच थांबवलं. "तू उभी राहून सांगतलं होतं, चालते म्हणून," तो म्हणे. "आता इकडं येजो नको."

अन् त्याच भावाच्या पोरीचं, अंजूचं, वैशाखात लग्न होतं. अंजूले रुखमानं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. आत्या म्हणून मांडवात तिची जागा ठरलेली होती. ती सदाशिवरावाकडं आली. "सरजी, एक डाव गावात चाला. चौघात म्हणा की चूक अवजाराची होती, रुखमाची नाई. दोनच शब्द. आर्वीवरून एस्टी जाते, तिकिटाचे पैसे माहे."

सदाशिवरावानं चष्मा पुसला. "बायाईले धरता आलं नाई, त्याले मी काय करू? इथं तं चालते." तिच्या आनंदाबाईचे दात किती गेले, हेही त्यानं इचारलं नाई. मले असा राग आला म्हणता! त्या दिवशी प्रेमदासच्या गाड्यावर मी त्याची आई-माई काढली.

दात गेल्याची गोष्ट संस्थेपर्यंत गेली. सेक्रेटरी अण्णाजी म्हणाले, मी येतो, चाचणी माह्यासमोर घ्या. नाई चाललं तं मी सोता खैरटेकडीले जाऊन सांगीन. हे रुखमानं ऐकलं. चार दिवस तिच्या तोंडावर हासू होतं.

अण्णाजी आले त्या सकाळी अंगण कोरडं खटखटीत होतं. पट्टीले भेगा पडल्या होत्या. रुखमानं बादली पालथी घातली होती अन् तिच्यावर बसली होती.

अण्णाजी पुढच्या खोलीत चहा पिऊन राह्यले होते. सदाशिवराव मागं आला, त्यानं पट्टी पाह्यली, अन् त्याचं तोंड उतरलं. "सडा टाक," म्हणे.

"नाई टाकत."

"रुखमाबाई, मुळापाशी पाणी गेल्याशिवाय हे नाई निघत. टाका लवकर!"

तवा मले समजलं. भैताड म्हातारा नोयता, मी होतो. त्याले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन वर्षं तो फूटपट्टीनं धूळ नाई, ओल मोजून राह्यला होता. हलकट माणूस! अंगठा तिचा, दात आनंदाबाईचे, अन् टाळ्या याच्या.

रुखमा उठली, पण बादली तिनं पायानं दूर सारली. सदाशिवरावानं काही बादलीले हात लावला नाई. त्याले ती सवयच नोयती. त्यानं फूटपट्टी माह्याकडं केली. "हेमराज, बादली घे."

म्या बादली घेतली.

काऊन घेतली? दीपाली पोटुशी होती, नोकरी गेली असती, असं मी लोकाईले सांगतो. पण अण्णाजी तिथंच होते, दार उघडून सांगतलं असतं तं नोकरी त्या म्हाताऱ्याची गेली असती, माही नाई. खरं म्हणजे सवय होती. सात वर्षं तो म्हणन ते मी आणून देत होतो, अन् मंग गाड्यावर जाऊन हासत होतो. हौदावर सहा बादल्या भरल्या. मुळाशी ओतल्या, चांगल्या जिरू देल्ल्या, वरून कोरडी माती भुरकावली, तेही त्यानं न सांगता. रुखमा भिंतीले टेकून पाहून राह्यली होती. ती ओरडली असती तं बरं झालं असतं.

अण्णाजी मागं आले. सदाशिवरावानं पहिल्यांदाच पाइपाले हात लावला अन् अलगद दाबला. झाड मुळासकट वर आलं. दुसरं आलं, तिसरं आलं. अण्णाजीनं टाळी वाजवली, मले म्हणाले, "काय हेमराज, चालते तं खरं!"

"हो जी," मी म्हटलं.

रुखमानं आमच्या तिघांच्या मधात येऊन उपटलेलं झाड उचललं, मुळाचा चिखल चिमटीत घेतला, अन् माह्या हातावर ठेवला. अण्णाजीकडं नाई, सदाशिवरावाकडं नाई. माह्या हातावर. अण्णाजीले वाटलं, बाई काही रीत करून राह्यली. त्यानं हसून हात जोडले. मी मूठ मिटून घेतली, त्याईले ओल दिसू नये म्हणून.

कागदावर लिहिलं गेलं की अवजार ठीक आहे, शिकवणारी कमी पडली. रुखमानं काम सोडलं. सदाशिवराव आणखी पाच वर्षं जगला, शाल-नारळ घेऊन गेला, त्याचा फोटो शेडमध्ये लागला अन् त्याची जागा मले भेटली.

वैशाखात अंजूचं लग्न झालं. त्या दिवशी रुखमा बोरगाव मेघेतच होती, आपल्या दारात बसून, फाल्गुनातलं तेच नवं लुगडं नेसून. मले दुरून दिसली. तिच्या दारावरूनच माहा कामाचा रस्ता जाते. मी सायकल वळवली अन् लांबच्या रस्त्यानं गेलो. आठ वर्षं झाली, अजून लांबच्याच रस्त्यानं जातो.