नारू, माझा घोटा आणि विहिरीच्या पायऱ्या

"नारू आत तुटलाय आणि पायात सेप्टिक झालंय," डॉक्टर म्हणाले. "सूज गुडघ्याच्या वर गेली तर पाय कापावा लागेल. आज औषध सुरू करतो. उद्या बघू."

साताऱ्याच्या सरकारी इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, दाराजवळच्या खाटेवर मी पडले होते. लढाईची वर्षं होती ती. मालक पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या बाजूला होते. घरी सात वर्षांची लेक हौसा, दोन बैल, एक म्हैस आणि तोंडावर आलेली पेरणी, असा सगळा संसार माझ्या दोन पायांवर उभा होता. त्यातल्या एका पायाचं काय ते उद्या ठरणार होतं.

सोबत सासूबाई होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले तशा त्या माझा धड पाय दाबत बसल्या, कारण दुसऱ्याला हात लावायची सोय नव्हती. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी ही बाई त्या दिवशी नुसतं विठ्ठलाचं नाव पुटपुटत होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

ज्यांना हे दुखणं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नारू म्हणजे अंगात वाढणारा किडा. डॉक्टर त्याला गिनी वर्म म्हणतात. दोऱ्याएवढा बारीक आणि हात-दोन हात लांब. तो पिण्याच्या पाण्यातून पोटात जातो, वर्षभर मुकाट्याने अंगात फिरतो, आणि उन्हाळ्यात बहुतेक पायाला फोड आणून तोंड बाहेर काढतो. माझं माहेर वाईचं. तिथे कृष्णेचं वाहतं पाणी, त्यामुळे नारू मी लग्नाआधी ऐकलासुद्धा नव्हता. कोरेगावच्याही पूर्वेला, आमच्या कोरड्या मुलखात नांदायला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात घरटी एक लंगडणारं माणूस बघितलं. मी विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "त्यात काय, नारू हाय. जातोय आपसूक." पडसं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

मला तो निघाला वैशाखात, डाव्या घोट्याला. आधी खाज, मग फोड, मग अशी आग की पाय चुलीत धरल्यासारखा वाटावा. अशा वेळी आमच्याकडे एकच उपाय. विहिरीच्या पायऱ्या उतरायच्या, शेवटच्या पायरीवर बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचा. पाय पाण्यात गेला की आग शांत होते. उन्हाळ्यात त्या पायरीवर जागा मिळायची मारामार. पाय सोडून बसलेल्या माणसांच्या शेजारीच बायका गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरायच्या. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे, मलाही नाही.

फोड फुटला की किड्याचं टोक दिसतं. ते बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज हळूहळू, तुटू न देता, थोडं थोडं बाहेर घ्यायचं. हे काम आत्याबाई फार सुबक करायच्या. माझा अर्धाअधिक त्यांनी काढलाही होता. पण एका सकाळी रेडकू सुटून म्हशीला प्यायला लागलं, मी घाईने उठले आणि काडी खाटेच्या सुंभात अडकली. किडा तुटला. उरलेला आत गेला. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, पाय वांग्यासारखा जांभळा पडला. मग बैलगाडी, मग पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणारी उतारूंची सर्व्हिस मोटार, आणि मग ही खाट.

डॉक्टरांनी पायाला दोन ठिकाणी छेद देऊन पू काढला. पू कातडीखाली पसरत गेला होता, त्याला त्यांनी सेल्युलायटिस म्हटलं. सल्फाच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. लढाईमुळे त्या गोळ्यांचीही टंचाई होती. नर्स त्या समोर उभी राहून गिळायला लावायची. रात्रभर आत्याबाई माझ्या मांडीवर हात ठेवून सूज कुठवर आली ते चाचपत होत्या. सकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "थांबलीया." डॉक्टरांनी येऊन तेच जरा लांबवून सांगितलं.

पाय वाचला. घोटा मात्र कायमचा आखडला. मी आजही लंगडते, आणि आमच्या गावात माझ्या नावाची दुसरी बाई असल्याने लोक मला लंगडी शारदा म्हणून ओळखतात. मला त्याचा राग येत नाही. थोडासा येतो.

ताप उतरल्यावर मी वॉर्ड नीट बघितला. खाटा संपून बायका जमिनीवर चटया टाकून पडल्या होत्या आणि निम्म्यांचे पाय नारूचे. आमच्या गावचे तात्या पाटील मला बघायला आले, तेव्हा तेही चटयांमधून वाट काढतच आले. तात्या भला माणूस. गावाला दवाखाना मिळावा म्हणून त्यांनी जिल्ह्याच्या लोकल बोर्डाच्या कचेरीत चपला झिजवल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना गाठलं. "सायब, सरकारनं पैसा सोडाय पायजे. हितं खाटा वाढवा, आमाला दवाखाना द्या. मानसं मरायला लागल्यात."

"खाटा वाढवायलाच हव्यात," डॉक्टर म्हणाले. "गेल्या खेपेला वाढवल्या. त्याही भरल्या. पाटील, दवाखाना मागा, मी शिफारस करतो. पण विहिरीच्या पायऱ्या तशाच ठेवून मागू नका. तुम्ही तिकडे पेशंट तयार करताय आणि मी इकडे खाटा मागतोय."

मग त्यांनी आम्हाला नीट सांगितलं. फोडाचा पाय पाण्यात बुडाला की किडा हजारो पिल्लं सोडतो. त्या पिल्लांना पाण्यातले बारीक जीव खातात. त्या जिवांना सायक्लॉप्स म्हणतात, ते नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या टिंबांसारखे दिसतात. ते पाणी आपण पितो, आणि पुढच्या उन्हाळ्यात नारू. पायऱ्या बंद करून पाणी वरून दोरीने काढलं, तर पाय पाण्याला लागत नाही आणि साखळी तुटते.

"पण एक लक्षात ठेवा," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "आज पायऱ्या बुजवल्या तरी पुढच्या उन्हाळ्यात नारू निघणारच. तो यंदाच्या पाण्याचा असेल. त्या वेळी धीर सोडलात तर सगळं फुकट."

त्यांनी आणखी एक विचारलं, की गावात नारू कुठल्या वस्तीत कमी आहे. तात्यांनी खाली मान घालून सांगितलं की महारवाड्यात. त्यांना आमच्या विहिरीला शिवायची बंदी होती आणि ते लांबच्या झऱ्याचं वाहतं पाणी आणत. आम्ही ज्यांना आमच्या पाण्यापासून लांब ठेवलं होतं, ते पायांनी धड होते.  मी ते विसरले नाही.

गावी परतले ती पायऱ्या बुजवायच्याच हे मनात धरून. ते काही सोपं नव्हतं. शेवटून दुसऱ्या पायरीच्या कोनाड्यात साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवी, शेंदूर लावलेले सात दगड. बाळंतीण उठली की तिने पायऱ्या उतरून आसरांना हळदकुंकू वाहायचं, तोवर तिने घागर उचलायची नाही. पायऱ्या बुजवल्या तर आसरा कोंडल्या जाणार. आणि ही पूजा सांगायचा मान आमच्या घरचा, म्हणजे आत्याबाईंचा. त्यांनी सरळ कानांवर हात ठेवले. "पाय गेला तरी चालंल, पर आसरांचा कोप नगं."

"पाय माझा होता, आत्याबाई," मी म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी मालकांनी मागल्या रजेला पलटणीतून आणलेला काचेचा पेला मी विहिरीच्या पाण्याने भरला आणि उन्हात आत्याबाईंच्या पुढ्यात धरला. पांढरी टिंबं उड्या मारत होती. आत्याबाई माळकरी. मासळीचा वास आला तरी वाट बदलणाऱ्या. त्यांनी पेला डोळ्यांजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला.

"ही जित्ती हायत?"

"जिवंत आहेत."

"आन मी एकादशीला निस्त्या पान्यावर ऱ्हाती!"

त्या दिवसभर त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "आसरांनाबी असल्या पान्यात कशापायी बसवायचं? वर आनू." दिवाळीनंतर पाणी खाली गेलं तेव्हा आत्याबाईंनी ओल्या लुगड्याने, एकेक दगड पदरात घेऊन, सातही आसरा वर आणल्या. गवंड्याने पायऱ्यांच्या तोंडाशी दगडी भिंत घातली, भोवती कठडा केला, वर रहाट बसवला. आसरांना भिंतीतच नवा कोनाडा केला. बोर्डाकडून काही आलं नव्हतं. दगड ओढ्यातले, हात गावातले.

मग पुढचा उन्हाळा आला आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. नारू निघाले. दरवर्षीइतकेच. आमच्या हौसाच्याही टाचेला फोड आला.

ती रडत होती, "आई, मला हिरीवर न्हे, पाय पान्यात घालू दे." मी तिला परसात बसवलं आणि कळशीने पायावर पाणी ओतत राहिले. ते पाणी मातीत जिरत होतं. लेकीची आग मला दिसत होती आणि हाकेच्या अंतरावरची गार विहीर मीच भिंत घालून तिला बंद केली होती. माझ्या पायाच्या वेळी मी इतकी रडले नव्हते.

गावात कुजबुज सुरू झाली. दोरी ओढून बायकांच्या हाताला घट्टे पडले, आणि नारू आहे तिथेच आहे. आसरा कोपल्या. एका सकाळी पाच-सहा बाप्ये पहारी घेऊन विहिरीवर गेले. ते कळलं तशी मी पाय ओढत धावले. तात्या तिथे होते, पण त्यांनीही हात टेकले होते.

"आवं वैनी, बाजूला व्हा," एकजण म्हणाला. "तुमच्या डाक्टरचं ऐकून काय मिळालं? तुमच्याच पोरीला झालंय न्हवं?"

"झालंय," मी म्हणाले. "ते गेल्या सालच्या पाण्याचं आहे. भिंतीच्या आधीचं. अजून एक उन्हाळा थांबा. पुढच्या वैशाखात नारू निघाला तर पहिली पहार मी मारीन."

"तवर काय आमी मरायचं व्हय?"

एवढ्यात मागून आत्याबाई आल्या. हातात पूजेचं तबक. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ भिंतीशी गेल्या, कोनाड्यातल्या आसरांना हळदकुंकू वाहिलं आणि तिथेच पाठ टेकून बसल्या.

"फोडा," त्या म्हणाल्या. "पर भिंतीत आसरा हायत. आदी त्यास्नी हात लावा, मग भिंतीला. कोन लावतोय रं हात? म्होरं हो."

कोणी पुढे झालं नाही. ज्या आसरांच्या नावाने भिंत घालू देत नव्हते, त्यांच्याच नावाने ती वाचली. तात्यांनी पहारी गोळा केल्या आणि चावडीत ठेवल्या. घरी येताना मी आत्याबाईंना म्हणाले, "तुम्ही नसता तर आज भिंत गेली होती." त्या म्हणाल्या, "चल बिगी बिगी, पोरीची काडी गुंडाळायची ऱ्हायलीया." हौसाचा नारू त्यांनी शेवटापर्यंत, न तोडता काढला. ती आज माझ्यापुढे पळते.

ते वर्ष त्या टिंबांच्या धास्तीने फडक्यातून गाळलेलं पाणी पीत आणि एकमेकांचे पाय बघत गेलं. पुढच्या चैत्रात आत्याबाई गल्लीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाय दाखवायला लावू लागल्या. वैशाख गेला. रोहिणी नक्षत्र निघालं. एकालाही फोड आला नाही. पेरणीला सगळा गाव दोन पायांवर होता. तात्या मला म्हणाले, "शारदाबाय, त्या पहारींचं काय करू?" मी म्हटलं, महारवाड्यासाठी आणखी एक विहीर खणायला घ्या. ते हसले. मी हसले नव्हते.

डॉक्टरांना हे सांगायला मी आणि आत्याबाई साताऱ्याला गेलो. त्यांनी दोन्ही हात जोडले. मलाच संकोच वाटला, कारण हात मी जोडायचे होते. त्या खाटेवाचून आणि त्या पांढऱ्या गोळ्यांवाचून मी पायऱ्यांविषयी बोलायला उरले नसते. म्हणून दवाखान्यासाठी बोर्डाच्या मागे आम्ही अजून लागलेलो आहोत, आणि मिळेपर्यंत लागणार आहोत. तुमच्या गावीही मागा. पण सरकारचा पैसा येईल तेव्हा येईल, आपल्या विहिरीत आपला पाय कोणी घालायचा हे ठरवायला कचेरीत जावं लागत नाही. पहिलं वर्ष वाया गेल्यासारखं वाटेल. वाटू द्या. भिंत फोडू नका.

वॉर्ड तसाच भरलेला होता. दाराजवळच्या माझ्या खाटेवर कुंडलकडच्या एका खेड्यातली बाई होती, घोट्याला काडी बांधलेली. मी तिला काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते. तोवर आत्याबाई तिच्या खाटेवर बसल्यासुद्धा होत्या. त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला, काडी नीट केली आणि विचारलं, "व्हय गं, तुमच्या आसरा कितव्या पायरीला हायत?"