मस्कतला गेलेलं कांद्याचं पोतं

मुलीचं पहिलं बाळंतपण मस्कतला होणार हे ठरलं, तेव्हा तिने आईकडे एकच गोष्ट मागितली: डिंकाचे लाडू. खारीक-बदाम तिथे आपल्यापेक्षा चांगले मिळतात, पण लाडू तुझ्याच हातचे हवेत, असं तिचं म्हणणं. मला रजा नव्हती, त्यामुळे बायको एकटीच आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. वाशीच्या आमच्या दोन खोल्यांत आठवडाभर डिंक तळला जात होता. एरवी जवळच्या घाऊक कांदा-बटाटा बाजाराकडून वारा आला की आमच्या घरात कांद्याचा वास भरायचा. पाहुणे नाक मुरडायचे, आम्हाला सवयीने तो कळायचाही नाही. त्या आठवड्यात मात्र तुपाने कांद्याला हटवलं.

लाडूंचा स्टीलचा डबा भरून पाच किलो झाला. हातातल्या पिशवीत एवढं वजन चालणार नव्हतं, म्हणजे डबा मोठ्या बॅगेत आणि बॅग विमानाच्या पोटात. इथवर सगळं सरळ होतं. मग सोसायटीला बातमी लागली.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आखातात चार वर्षं काढून आले होते. ते जिन्यातच थांबले.

"वहिनी, लाडूंचं सोडा, बॅग धड पोचते का बघा. माझी पोचली, पण ब्लेड मारलेली. परफ्यूम गेला, इस्त्री गेली, टॉर्चचे सेलसुद्धा गेले. आईने दिलेला मोरावळा तेवढा ठेवला."

"तो का ठेवला?" बायकोने विचारलं.

"चाखून बघितला असेल."

बायकोला हसू आलं, मला आलं नाही. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होतो. आत आलेली वस्तू कुठून कशी बाहेर जाऊ शकते याचा विचार करण्याचाच मला पगार मिळत असे. मोरावळा वाचला म्हणून डिंकाचा लाडू वाचेल असं मानायला काही आधार नव्हता. डिंकाचा लाडू चाखल्यावर कोणी ठेवत नाही.

त्या संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत चहावर जे जमले, त्यांच्यापैकी एकच जण विमानात बसलेला होता आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं. समोरच्या काकू म्हणाल्या, "वर धुवायचे कपडे घाला. कोण हात घालतंय?"

"म्हणजे जावयाच्या घरी पहिल्यांदा जाऊन मी मळके कपडे काढू?" बायको म्हणाली.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मग घसा साफ केला. विमान त्यांनी गच्चीवरून पाहिलं होतं, पण पाण्याच्या टाकीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत कुठल्याही विषयावर त्यांचा ठराव तयार असे. ठराव असा: चोर नवी बॅग बघतो, म्हणून बॅग जुनी दिसली पाहिजे. चोर नाव-पत्ता वाचतो, म्हणून बॅगेवर नाव-पत्ता मुळीच नको. परदेशातला पत्ता दिसला की माल आहे हे कळतं आणि इथला दिसला की घर बंद आहे हे कळतं.

"पण बॅग आपली आहे हे विमानवाल्यांना कसं कळणार?" तिसऱ्या मजल्याने विचारलं.

"ते त्यांचं काम," सेक्रेटरी म्हणाले.

मला हे पटलं. मी त्यात माझी भर घातली: दोन कुलपं आणि एक साखळी. साखळी ऐरोलीच्या एका भंगारवाल्याकडे मिळाली. जाड कड्यांची, कशाची होती कोण जाणे, पण तिला ब्लेड मारून बघणाऱ्याची मला कीवच आली असती. ती बॅगेभोवती आडवी-उभी फिरवून मध्ये कुलूप घातलं. बायकोने एकदा बॅगेकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"ही लाडवांची बॅग आहे का कैद्याची?"

शेवटची सूचना तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांची. ते साताऱ्याकडचे, बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर माथाडी होते. "वहिनी, मी पोत्यात शिवून देतो की. कांद्याच्या पोत्याला कोन हात लावतंय? नवं पोतं नको. आमच्या गाळ्यावरचं वापरलेलं देतो, मार्क्याचं."

मार्का म्हणजे व्यापाऱ्याची खूण. त्यांच्या गाळ्याचा मार्का जांभळा बैल. दुसऱ्या दिवशी बॅग आम्ही रिक्षाने त्यांच्या गाळ्यावर नेली. त्यांनी ती पोत्यात उतरवली, दाभणात सुतळी ओवली आणि बोलता बोलता तोंड शिवून टाकलं. मग तिथल्याच मोठ्या काट्यावर वजन केलं. विमानात वीस किलो चालणार होतं. काटा चोवीसवर गेला.

मी उलटा हिशोब केला. साखळी, कुलपं, पोतं आणि सुतळी मिळून चार किलोच्या थोडं वरच भरत होती. म्हणजे जास्तीचं सगळं वजन संरक्षणाचंच होतं. हे मी बायकोला समजावून सांगितलं. आकडा तिला कळला, पण तिने त्यातून वेगळाच अर्थ काढला.

"मग साखळी काढा की."

"साखळी काढली तर बाकी सगळं जाईल."

"आणि साखळी ठेवली तर बाकी सगळं घरी राहील."

हमाल हसले. शिवण उसवली. लोणच्याची बरणी निघाली, पुरणयंत्र निघालं, तिच्या दोन चांगल्या साड्या निघाल्या, जावयासाठी घेतलेलं शर्टाचं कापड निघालं. लाडूंच्या डब्याला मी हात लावू दिला नाही. पुन्हा शिवलं, पुन्हा चढवलं, काटा विसावर स्थिर झाला. मला बरं वाटलं. बायकोने घरी येईपर्यंत रिक्षात त्या दोन साड्या मांडीवर धरून ठेवल्या.

दुपारचं विमान होतं. मी बाहेरच थांबलो, त्यामुळे आतलं मला नंतर कळलं. तपासणीच्या पडद्यावर बघणारा माणूस म्हणाला, "वर पोतं, आत साखळी. आणि तिच्या आत काय?" बायको म्हणाली, "लाडू." त्याने पडद्यावर पुन्हा एकदा बघितलं आणि जाऊ दिलं. पुढे काउंटरवरच्या मुलीला बॅगेची मूठ सापडेना. मूठ पोत्याच्या आत. चिठ्ठी बांधायची कुठे? तिने एक चिकटणारी चिठ्ठी बैलाच्या पाठीवर दाबून लावली. तागावर डिंक किती वेळ टिकतो हे स्टोअर्समधल्या माणसाने आधीच सांगायला हवं होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही. तो बाहेर उभा राहून सगळं नीट झालं म्हणून समाधानात होता.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या फोनच्या बूथमधून मी मस्कतला फोन लावला. बायको रडत होती.

"बॅग आली नाही. मुलीला पहाटे दवाखान्यात नेलं, मुलगा झाला, दोघं छान आहेत. आणि मी हात हलवत आलेय. एकच गोष्ट मागितली होती हो पोरीने."

नातू झाल्याची बातमी मला अशी, मधल्या एका वाक्यात मिळाली. मी बूथवाल्याला पेढ्याचे पैसे द्यायलाही विसरलो.

जावयाने तिथे तक्रार केली. बॅगेचं वर्णन विचारलं तेव्हा त्याने सासूबाईंना विचारून लिहून दिलं: कांद्याचं पोतं. बॅगेचा रंग विचारला तेव्हा कांद्याच्या पोत्याचा. नाव? नाही. पत्ता? नाही. विमानवाल्यांनी नम्रपणे सांगितलं की हरवलेल्या बॅगांमध्ये असं काही नाही. ते खरंच होतं. बॅग हरवलेल्या बॅगांमध्ये नव्हतीच.

इकडे सोसायटीत बॅग चोरीला गेल्याचं सर्वांनी मान्य करून टाकलं. काकूंनी मळक्या कपड्यांची आठवण करून दिली. सेक्रेटरी म्हणाले, "तिसरं कुलूप हवं होतं." मला रात्री जेवण जात नव्हतं. साखळीसकट बॅग उचलून नेणारा चोर केवढा असेल याचा मी विचार करत होतो.

आठवडा होत आला तेव्हा तळमजल्यावरचे शेजारी कामावरून आले ते थेट आमच्याकडे, डोक्याचा टॉवेलही न काढता.

"भाऊ, तुमची बॅग भाजीबाजारात हाय."

"इथल्या?"

"मस्कतच्या! आमच्या शेठचा कांदा तिथंबी जातो. तिथल्या व्यापाऱ्याचा शेठला फोन आला. म्हनला, तुमच्या बैलाचं एक पोतं मिरची-भेंडीच्या मालात आलंय. आमी कांदा मागवला नव्हता, आन् ह्यो कांदा वाजतोय."

झालं होतं ते एवढंच. चिठ्ठी गळून पडली. त्याच विमानाच्या पोटात भाजीही गेली होती. तिथल्या हमालांनी पोतं बघितलं, बैल बघितला आणि इमानदारीने ते भाजीच्या गाडीत चढवलं. कोणी शिवण उसवली नव्हती, कोणी ब्लेड मारलं नव्हतं. कांद्याच्या पोत्याला कोणी हात लावत नाही हे शेजाऱ्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. ते पोतं कांद्याच्या ढिगाला टेकून आठवडाभर स्वस्थ पडून होतं.

मी धावत बूथवर गेलो. जावई त्याच दिवशी बाजारात जाऊन पोतं घेऊन आला. दोन दिवसांनी मी पुन्हा फोन केला तेव्हा मुलगी स्वतः बोलली. ती घरी आली होती.

"बाबा, लाडू मिळाले. सगळे आहेत. पण कांद्याचा वास लागलाय."

"मग खाऊ नकोस. आई नवे करेल."

"का? आपल्या घरासारखाच वास येतोय. आज दुसरा खातेय." मागून बायकोचा आवाज आला, "त्यांना साखळीचं सांग."

साखळीचं असं होतं की तिथल्या घरात पाळणा टांगायला काही मिळत नव्हतं. बाराव्या दिवशी बारसं होतं. जावयाने पंख्याच्या हुकाला माझी साखळी अडकवली आणि पाळणा तिलाच टांगला. फोनवर तो अगदी मनापासून म्हणाला, "बाबा, एवढी मजबूत साखळी इथे कुठे मिळाली नसती."

मी त्याला विचारलं, पाळण्याला कुलूप लावलंय का. तो हसला आणि माझा प्रश्न त्याने मागे सांगितला. बायको हसली नाही. ती मागून म्हणाली, "त्यांना नीट सांगा, लावलेलं नाही म्हणून. नाहीतर पाठवतील."