दुधाच्या भुकटीतलं पाणी

कतारगामच्या उज्ज्वलाबेन कोसाडपलीकडच्या दूध पावडरच्या कारखान्यात लॅब सांभाळायच्या. पावडरीत पाणी किती, हे त्या ठरवायच्या आणि त्यांची सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नसे. पद्धत जुनी. डबी तोलायची, ओव्हनमध्ये तापवायची, निववून पुन्हा तोलायची. घटलं ते पाणी. यात तास जात. तेवढा वेळ मॅनेजरही दाराशी आर्जवं करत उभा राही. बेनना त्याची चटक लागली होती.

मग बडोद्याहून श्रीरंग लॅबप्रमुख म्हणून आला, सोबत दिव्याच्या आचेवर पावडर तापवत तोलणारं यंत्र, दिव्याचा तराजू घेऊन. पावडर पसरायची, झाकण लावायचं, चहा येईपर्यंत आकडा तयार. ही भट्टी आता भंगारात, असं तो पहिल्याच दिवशी शिपायादेखत म्हणाला. तेव्हापासून तो तोलायला बसला की बेन पंखा लावत. वाऱ्याने तराजूवरचे आकडे नाचत राहत, श्रीरंग दात खात राही.

कारखान्याच्या शेठनी दोन्ही पद्धती समोरासमोर लावायला सांगितल्या. यंत्राचा आकडा ओव्हनशी जुळला, तर ओव्हन बंद आणि बेन पॅकिंगमध्ये.

तो जुळेना. चांगल्या मालातही यंत्र जास्त पाणी दाखवी. शेठ कंटाळले, यंत्र परत पाठवायचं बोलू लागले. बेननी फक्त गप्प राहायचं होतं. पण श्रीरंग सगळ्यांसमोर म्हणाला, तुमचं ओव्हनच खोटं, इतकी वर्षं तुम्ही ओला माल पास केलात.

“नाक आहे का साहेबांना?” बेननी यंत्रातली थाळी उचलून त्याच्यापुढे आदळली. पावडर कडेने तांबूस झाली होती. “पाणी कधीच उडालं. पुढे तुम्ही दुधातली साखर जाळताय आणि तिलाच पाणी म्हणताय. हलवायालाही आच कळते.”

 श्रीरंगने थाळी हुंगली आणि आच उतरवली. पावडर थोडी जास्त वेळ ठेवली. आकडा ओव्हनच्या आकड्याशेजारी येऊन बसला. दुसऱ्या पोत्याचाही, तिसऱ्याचाही.

बेन तिथेच उभ्या होत्या. आपण काय करून बसलो, ते त्यांना दुसऱ्या पोत्यालाच कळलं होतं.

शनिवारी ओव्हनची वायर काढली गेली. श्रीरंग पॅकिंगच्या दारापर्यंत आला.

“शेठना सांगतो, आच तुम्ही सुचवलीत म्हणून.”

“माझं नाव घेतलंत तर याद राखा,” बेन म्हणाल्या आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.