उकळलेलं पाणी

पाणी उकळून प्यायची सवय मला माहेरची. माझं माहेर कारंज्याचं. आईचा सख्खा भाऊ पटकीत गेला, तेव्हापासून आमच्याकडे पिण्याचं पाणी उकळून, गाळून मगच माठात जाई. लग्न होऊन आसेगावजवळच्या एका खेड्यात आले आणि कळलं, की इथे पाणी उकळणं म्हणजे घराण्याची बेअब्रू.

सासूबाईंनी पहिल्यांदा चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. आत ना डाळ, ना तांदूळ.

"काहून वो, कोन मेलं घरात? मुर्द्याच्या आंघोयीचं पानी ठेवलं काय?"

प्यायचं आहे म्हटल्यावर तर त्या आणखीच भडकल्या. "आमच्या सात पिढ्या हेच पानी पेल्या. तुलेच एकटीले जीव हाय काय?"

पातेलं उकिरड्यावर रिकामं झालं. नवरा ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. माणूस वाईट नव्हता, पण आईसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

मग मुलगी झाली. ती वरचं पाणी पिऊ लागली तशी मी हट्टाला पेटले. सासूबाई शेतात गेल्या की पाणी उकळायचं, निववायचं आणि कोनाड्यात तांब्यात झाकून ठेवायचं. स्वतःच्याच घरात चोरी! त्या पाण्यावर लेक बाळसेदार झाली, घरभर रांगायला लागली. कौतुक मात्र व्हायचं विहिरीच्या पाण्याचं.

त्या उन्हाळ्यात पोहरादेवीची जत्रा करून आलेल्या एका घरात पटकी शिरली. आजाऱ्याची धोतरं, पटकुरं विहिरीच्या काठावरच धुतली जात होती आणि ओघळ परत आत उतरत होते. मी सासूबाईंना ते दाखवलं.

"पान्याले कायचा आला विटाळ?" त्या म्हणाल्या.

गावाबाहेरच्या वस्तीतल्या कुणा बाईची घागर त्या काठाला टेकली असती, तर हीच विहीर बाटली असती. तिथे यांना विटाळ बरोबर दिसायचा.

मग सरकारी दवाखान्याचा माणूस आला आणि विहिरीत लाल दवा टाकून गेला. पाणी गुलाबी झालं. मला वाटलं, सुटलो. गाव मात्र खवळलं. असं पाणी पाहुण्याच्या हातात कसं द्यायचं? देवाला आंघोळ कशी घालायची? धरम बुडवायला साहेबानं काय कालवलं असेल कोण जाणे! पारावर सगळे जमले आणि ठरलं, विहीर उपसायची.

एरवी पिण्याच्या विहिरीत चामड्याची मोट उतरू न देणारे लोक त्या दिवशी मोटा घेऊन हजर झाले. बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असलेल्यांनी एकमेकांच्या शेजारी बैल जुंपले. एवढी एकी त्या गावात मी ना आधी पाहिली, ना नंतर. औषध पार निपटून काढलं. तळातून नवं पाणी झिरपलं, बायांनी हळदकुंकू वाहून विहिरीची पूजा केली आणि पहिल्या घागरीचं तीर्थ लेकरांना पाजायला घरोघर निघाल्या.

मी लेकीला घेऊन आतल्या खोलीत बसले. सासूबाई तांब्या घेऊन आल्या.

"आत्याबाई, पाया पडतो तुमच्या, इले नोका देऊ."

"साऱ्या गावाचे लेकरं पेऊन राह्यले, आन् तुयीच पोरगी काय आभायातून पडली?"

दारात नवरा उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. आईला वाट द्यायला तो बाजूला सरकला. सासूबाईंनी लेकीला माझ्या मांडीवरून उचललं. त्यांच्या ओंजळीतून ती हसत हसत प्यायली आणि अजून हवं म्हणून तिने हात पुढे केला.

त्याच आठवड्यात ती गेली. गावातली आणखीही मुलं गेली. ती मुलं लाल दव्याने मेली, असं पारावर ठरलं. माझ्या लेकीचं कारण मात्र घरातच सापडलं. सासूबाईंनी कोनाड्यातला तांब्या शोधून काढला. उकळलेलं पाणी पाजून पाजून पोरीच्या अंगातला जोर मीच घालवला, असं त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत. माझे वडील आले, तेव्हा नवऱ्याने त्यांनाही तेच सांगितलं. त्या दिवशी मात्र त्याला जीभ फुटली होती.

पुढे गावात कुठल्याही सुनेने प्यायचं पाणी चुलीवर ठेवलं, की सासू तिला माझं उदाहरण द्यायची. लेकीचा जीव घेऊन यांचं भागलं नव्हतं, वर तिला आपल्या बाजूने साक्षीला उभी केली. त्या सुना माझ्याकडे बघायच्या आणि मुकाट्याने पातेलं खाली उतरवायच्या.