आक्काच्या बाटलीतला जिरा

ती बाटली आक्काच्या हातात दिली ती मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

जळगावच्या केबलवर दर रविवारी रात्री आठला आमची अहिराणी मालिका लागायची, ‘आक्कानं बिऱ्हाड’, म्हणजे आक्काचं बिऱ्हाड. नंतर ती सगळ्यांच्या फोनवर फिरायची. दिवसा मी एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवतो आणि उरलेल्या वेळात ही मालिका लिहायचो. आक्काचं काम करायच्या सुनंदाबाई. वय अठ्ठावन्न, माहेर शिरपूर तालुक्यातलं, राहायला जळगावातल्या मेहरूणमध्ये दोन खोल्यांत. शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. नाटकाचा नि त्यांचा काडीचा संबंध नव्हता. एकदा आमच्या शूटिंगला शाळेचं पटांगण हवं होतं, तेव्हा त्या बाजूला उभ्या राहून आमच्या तेव्हाच्या आक्काच्या चुका काढत होत्या. ‘सासू अशी रडत नही बाई’ म्हणाल्या आणि रडून दाखवलं. त्याच दिवशी आम्ही आक्का बदलली.

चौथ्या भागानंतर आमची गंगाजळी आटली. तेव्हा झुळूक जिरा देवासारखा धावून आला. तपकिरी रंगाचा, गोड, वर जिऱ्याचा मसाला असलेला हा सोडा आपल्याकडे लग्नकार्यात सर्रास असतो. कंपनीचा माणूस नवीन म्हणून होता, कायम घाईत, कायम गोड बोलणारा. त्याला मालिकेत जाहिरात नको होती. “जाहिरात लागली की लोक उठून पाणी प्यायला जातात,” तो म्हणायचा. “बाटली कथेतच पाहिजे.”

मग मी ती कथेत घातली. लेक आणि सून भांडायला लागले की आक्का खाटेखालून झुळूकची बाटली काढणार, एका दमात अर्धी रिकामी करणार, पदराला तोंड पुसणार आणि म्हणणार, “आते बोला!” बस. एवढ्यावर आख्खा खानदेश खूश झाला. पोरं शाळेत, म्हातारे पारावर, जो तो ‘आते बोला’ करू लागला.

नवीनचे नियम छापील होते. नाव कॅमेऱ्याकडे हवं. अंगठ्याने नाव झाकायचं नाही. एक तरी घोट गळ्याखाली उतरताना दिसला पाहिजे. आणि शेवटचा नियम असा, की कलाकाराने चारचौघांत हे पेय नाकारायचं नाही. सुनंदाबाईंनी खाली सही केली तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि मला ठाऊक होतं, की त्यांना नऊ वर्षांपासून शुगर आहे. रोज दोन वेळा गोळ्या. डॉक्टरांनी गोडाला हात लावू नका म्हणून बजावलेलं. म्हणून बाटलीत आम्ही कोरा चहा भरायचो, बिनसाखरेचा, गार करून. रंग हुबेहूब. हे आमच्या सातआठ जणांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

सुनंदाबाईंचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलेला. मुलगा भूषण बत्तीस वर्षांचा. रावेरला केळीच्या पॅकिंगवर देखरेख करतो, माणूस गुणी, दारू नाही, तंबाखू नाही. पण नोकरी कंत्राटी. आजकाल मुलीकडच्यांना ‘पर्मनंट’ हा एकच शब्द ऐकू येतो. नऊ ठिकाणांहून नकार आला होता. प्रत्येक नकारानंतर त्या दोन दिवस शूटिंगला गप्प असायच्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणायच्या, “जाऊ द्या, चला.” भूषण तर आता पाहुण्यांचं नाव काढलं की शर्टाला इस्त्रीही करत नव्हता.

दहावं स्थळ शिरपूरजवळच्या एका गावातून आपणहून आलं. मुलगी सारिका, बीएससी झालेली, वडील नाहीत, काका धनसिंग सगळं बघतात. काकांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, “नोकरीचं राहू द्या हो. आमच्या गावात आक्का येणार, हेच खूप झालं.” सुनंदाबाईंचा नवरा हयात नाही, भाऊही नाही, म्हणून सोबत मला नेलं.

आता तिथली रीत सांगायला हवी. पाहुणे मुलगी बघायला आले आणि रंग बरा दिसला, की भाऊबंदांपैकी प्रत्येक जण त्यांना चहाला घरी नेतो. एका घरी घेतला आणि दुसऱ्या घरी नाकारला तर तो त्या घराचा अपमान. अशी सोयरीक मोडलेली मी पाहिली आहे. सुनंदाबाईंना हे पाठ होतं. जाताना गाडीत म्हणाल्या, “चहाचं काही नही. बिनसाखरना सांगसू. आजकाल बठ्ठाच बिनसाखरना पेतस.”

धनसिंगभाऊंच्या ओसरीवर बसलो. पाणी झालं. सुनंदाबाई चहाचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून ट्रे आला. आम्हाला कपात चहा आणि त्यांच्यापुढे झुळूकची बाटली, गार, बाहेरून घाम फुटलेली.

“आक्काले चहा कसाले?” धनसिंगभाऊ छाती फुगवून म्हणाले. “खास आक्काकरता झुळूक आनेल शे. बठ्ठा घरसमा आनेल शे!”

बठ्ठा घरसमा म्हणजे सगळ्या घरांत. भाऊबंदांची घरं होती अकरा.

दारात पोरंबाळं दाटली होती, चारपाच फोन वर झाले होते. सुनंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाटली उचलली, नाव पोरांकडे केलं, अंगठा बाजूला घेतला आणि दोन घोट घेतले. मग पदराला तोंड पुसून म्हणाल्या, “आते बोला!” ओसरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. भूषणने मान खाली घातली.

सारिका बाहेर आली, बोलली, सरळ बोलली. भूषणला तिने केळीला भाव कसा ठरतो ते विचारलं आणि भूषण पहिल्यांदाच पाहुण्यांसमोर चार वाक्यं सलग बोलला. मला तर तेव्हाच वाटलं, जमलं. सुनंदाबाईंनाही वाटलं असणार, कारण त्यांचे डोळे भरून आले.

आणि मग घरं सुरू झाली. दुसऱ्या घरी दोन घोट. तिसऱ्या घरी ग्लासात ओतून दिला, काठोकाठ. चौथ्या घरी यजमानीण समोर बसून राहिली, “लाजू नका आक्का, टीव्हीमा तं एक घोटमा बाटली खाली करतस तुम्ही!” मी जमेल तिथे माझा पाण्याचा रिकामा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला आणि त्यांचा भरलेला स्वतः प्यायलो. दोनदा साधलं, तिसऱ्यांदा एका पोरीने पाहिलं आणि मला झुळूकचा नवा ग्लास आणून दिला. सहाव्या घरी सुनंदाबाई लघवीला म्हणून उठल्या, सातव्या घरी परत. ओठ कोरडे पडलेले, पायरी उतरताना भिंत धरत होत्या. ह्या बाईला इथे काही झालं तर शिरपूरपर्यंत दवाखाना नाही, आणि हे सगळं माझ्या लेखणीतून आलेलं.

सातव्या आणि आठव्या घराच्या मधल्या बोळात मी त्यांना अडवलं. म्हटलं, “आक्का, पुरे. मी सांगतो त्यांना शुगर आहे म्हणून.”

त्या माझ्यावर अशा उसळल्या की मी दोन पावलं मागे सरलो. “कुंदनभाऊ, तोंड बंद ठेवा! नऊ घरसनी नकार दिधा. हाऊ दहावा दरवाजा शे. शुगर म्हटलं तं म्हनतीन, टीव्हीमा खोटं बोलस, घरमा खरं कसं बोली? मी मरी जासू, पन ग्लास परत करनार नही.”

मी वाट सोडली आणि पुढची तीन घरं त्यांच्यामागे हिंडलो. माझ्या डोक्यात त्या क्षणी नवीनचा छापील कागदही होता, हे कबूल करतो.

शेवटचं, अकरावं घर सारिकाच्या आजीचं, ताईबाईंचं. धनसिंगभाऊंच्या घरामागेच त्यांची वेगळी खोली. म्हातारी पलंगावर बसलेली, गुडघ्यांपासून खाली चादर ओढलेली. सुनंदाबाईंना पाहून तिचा चेहरा असा फुलला, की आमच्या मालिकेला एवढा सुंदर प्रेक्षक मिळाला म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. सारिकाने दोन ग्लास भरले. एक सुनंदाबाईंच्या हातात, दुसरा आजीच्या.

“ये बहीन, आपन दोन्ही संगे पेऊत,” ताईबाई म्हणाल्या. “माले बी शुगर शे, तुले बी शे.”

सुनंदाबाईंचा हात थांबला.

“माहीत शे ना आमले,” म्हातारी हसत म्हणाली. “सोयरीक कराना पहिले चौकशी करतसच लोके. तुन्हा दवाखाना, तुन्ह्या गोळ्या, बठ्ठं माहीत शे. त्यामुयेच तं माले धीर ऊना. डॉक्टर म्हनस गोड बंद. मी म्हनस, आक्काले शुगर शे, ती दर आइतवारले बाटली पेस, तिले काही व्हत नही. मंग माले काय व्हई?”

सारिका हळूच म्हणाली, “रोज दोन बाटल्या लागतात आजीला. आम्ही लपवून ठेवल्या तर जेवत नाही.” आणि ती आजीच्या पायाशी बसली, चादर सारली. ड्रेसिंगची वेळ झाली होती. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. बाकीच्या पायावर पांढरी पट्टी होती आणि ती ओली झाली होती.

म्हातारीने ग्लास ओठांना लावला.

सुनंदाबाई उठल्या आणि त्यांनी तो ग्लास तळहाताने झाकला. सोडा त्यांच्या बोटांवरून पलंगावर सांडला. दारात धनसिंगभाऊ होते, त्यांच्यामागे भाऊबंद, पोरं, फोन.

“माय, पेऊ नको,” त्या म्हणाल्या. “मी पेत नही. कधीच पेत नही. त्या बाटलीमा बिनसाखरना कोरा चहा ऱ्हास.”

ताईबाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी सारिकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. एवढं तरी केलं.

“बठ्ठं खोटं?”

“बठ्ठं,” सुनंदाबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मालिकेत रडायच्या तशा नव्हे. नाक गळत होतं, शब्द फुटत नव्हता, आणि त्या म्हातारीच्या पट्टीवर हात ठेवून नुसत्या ‘माय, माय’ म्हणत होत्या. ताईबाईंनी त्यांचा हात बाजूला केला. जोरात नाही. पण केला.

धनसिंगभाऊंनी आम्हाला गाडीपर्यंत पोचवलं, रीत सोडली नाही. “कळवतो,” म्हणाले. हा शब्द आम्ही नऊ वेळा ऐकलेला होता.

चोपड्याला गाडी थांबवून भूषणने आईसाठी पाण्याची बाटली आणली आणि झाकण उघडून तिच्या हातात दिली. त्याला राग आला होता की वाईट वाटत होतं, मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईंची शुगर तपासली, आकडा बघून डॉक्टरांनी आधी मलाच झापलं. तीन दिवस सलाईन लागलं.

ग्लास झाकल्याचं ते चित्रण तोवर धुळ्यापासून रावेरपर्यंत फिरलं होतं. नवीनचा फोन आला. त्या दिवशी त्याला घाई नव्हती. शांतपणे म्हणाला, “कुंदनभाऊ, आता तुम्हीच सांगा मी वर काय सांगू?” आठवडाभरात मालिका बंद पडली. कुणी आम्हाला खोटारडे म्हटलं, कुणी आक्काला हात जोडले. मी दोन्हींकडे बघायचं सोडून दिलं. मला एकच काळजी होती, की धनसिंगभाऊंचा नकार अजून का येत नाही. नकार आला असता तर निदान सुटलो असतो. सुनंदाबाई फोन कमरेला खोचून स्वयंपाक करायच्या. वाजला की पिठाच्या हाताने घ्यायच्या, आणि तो विम्याचा नाहीतर लोनचा असायचा. “कुंदनभाऊ, मी पोऱ्यानं वाटोळं करं,” असं त्या मला रोज म्हणायच्या.

पंधराव्या दिवशी मी त्यांची खाट आणि डबे परत द्यायला मेहरूणला गेलो होतो, सेटवर त्यांचंच सामान वापरायचो आम्ही. फोन वाजला. त्यांनी घाबरून तो माझ्याकडे दिला. मी स्पीकर चालू केला.

“मी सारिका बोलतेय,” पलीकडून आवाज आला. “घरात पंधरा दिवस भांडण चाललंय. काका नको म्हणतात. मी हो म्हटलंय. आजी काहीच बोलत नव्हती, बाटलीही मागत नव्हती, आज म्हणते फोन लाव.”

मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खसखस ऐकू आली. सुनंदाबाई फोनजवळ सरकल्या.

“बहीन,” ताईबाईंचा आवाज आला. “मन्हा उजवा पाय शाबूत शे. लगीनले चालत येसू.”