हलत्या घरातले पाय

चांथूचं घर कुठलं, असं आमच्या तळ्यावर कुणाला विचारावं लागत नाही. सकाळी पेज उतू जायच्या वेळेला ज्या घरातून "रुम, काठ सोड!" अशी आरोळी येते, ते तिचं. त्या आरोळीनं समोरच्या रांगेतली कुत्री जागी होतात. नूडलवाली बाई आपली होडी तिकडे वळवते, कारण आई जागी आहे म्हणजे पोरही जागं आहे आणि पोर जागं आहे म्हणजे वाटीभर नूडल खपणार.

रुम म्हणजे रुमदुल, चांथूची लेक, दीड वर्षाची. ती बसायला लागली तेव्हाच चांथूनं तिच्या कमरेला क्रमा बांधला आणि त्याचं दुसरं टोक घराच्या मधल्या खांबाला. क्रमा म्हणजे आमचा चौकडीचा पंचा. त्यानंच डोकं बांधायचं, त्यानंच अंग पुसायचं, बाजारातून काही आणायचं तर त्यातच गाठोडं करायचं, आणि पोर असेल तर तेही त्यानंच बांधायचं. चांथूला तिच्या आईनं ह्याच खांबाला बांधलं होतं. आई गेली, पण खांबाला पडलेली खाच अजून आहे. शिवाय रुमच्या पायात घुंगरू. घुंगरू वाजतंय तोवर आईनं खुशाल मासे साफ करावेत. घुंगरू थांबलं की सुरी टाकून धावायचं. पोर पाण्यात पडलेलं असतं असं नाही, बहुतेक वेळा ते आंबवलेल्या मासळीच्या माठात कोपरापर्यंत हात घालून बसलेलं असतं. पण धावायचं.

आमची घरं बांबूंवर आणि पिंपांवर तरंगतात, पडवीचा काठ संपला की थेट पाणी. जवळून इंजिनाची होडी गेली की घर उचललं जातं आणि पुन्हा खाली बसतं. घर हललं की गुडघे वाकवायचे, हे रुमला कुणी शिकवलं नाही. वर्षाची व्हायच्या आत ती उभी राहिली, आणि एक दिवस क्रम्याची गाठ सोडवून दोन घरांमधल्या फळीवरून एकटीच शेजारच्या रीम मावशीकडे केळं खायला गेली. चांथू फळीवरून धावत गेली. तिनं पोरीला उचललं, एक धपाटा घातला, कुशीत घेतलं, आणि मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक होडीला थांबवून सांगितलं, "माझी रुम फळीवरून चालली! अख्खी फळी!"

अशा आईला जमिनीवर जाऊन मान खाली घालावी लागली, ती पितरांच्या पंधरवड्यात.

चांथूचा नवरा सारात हा जमिनीवरचा. भाताच्या गावातला. लग्नानंतर नवऱ्यानं बायकोच्या घरी राहायला जायचं हे आमच्यात चालतंच, त्यामुळे त्याच्या आईची, यिय केनची, त्याबद्दल तक्रार नव्हती. तिचा राग पाण्यावर होता. यिय म्हणजे आजी. गावात सगळेच तिला यिय म्हणत आणि सगळेच तिला जरा टरकून असत. तिनं ह्या घरात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दर वर्षी मासळीच्या दिवसांत ती धक्क्यावर येऊन बसायची, सारात तिच्या टोपल्या भरून द्यायचा, आणि ती बैलगाडीतून परत जायची.

तर पंधरवड्यात चांथू केळीच्या पानातला चिकट भात घेऊन सासरच्या गावी गेली. विहाराच्या अंगणात गावातल्या बायका जमल्या होत्या. यिय केननं नातीला मांडीवरून उतरवून मातीत उभं केलं. रुमनं खाली पाहिलं. जमीन हलत नव्हती. तिनं वाट पाहिली. तरीही हलेना. मग ती धपकन बसली, दोन्ही पाय वर उचलून धरले आणि गळा काढला. पुन्हा उभी केली, पुन्हा बसली. बसली ती बसलीच.

"अगं बाई, पाय धड आहेत ना हिचे?" एक म्हणाली.

"मासळीवाल्यांचं पोर ते," दुसरी म्हणाली, "त्याला पाय कशाला हवेत? शेपटी पाहिजे."

सगळ्या हसल्या. चांथूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरी धावते ती! फळीवरून धावते!"

"हो, हो," यिय केन म्हणाली, "घरी सगळ्यांचीच पोरं गुणी असतात." आणि मग हसू संपल्यावर, सगळ्यांसमोर तिनं सांगून टाकलं, "मासळी न्यायला येईन तेव्हा बघते. तोवर जमिनीवर चालली नाही, तर पोर मी इकडे आणणार. पाय मातीत फुटतात, चांथू. पाण्यात कुजतात."

सारात शेजारीच उभा होता. त्यानं चिकट भाताचा एक मोठा घास घेतला आणि तो बराच वेळ चावत राहिला.

परतीच्या वाटेवर धक्क्यावरून होडीत ठेवल्याबरोबर रुम उभी राहिली आणि डुलत डुलत पुढच्या टोकाला, नाळेपर्यंत चालत गेली. तिथून वळून तिनं आईबापाकडे पाहिलं आणि टाळी वाजवली.

"बघा!" चांथू फुटली. "आता बघा! मघाशी तुमच्या तोंडात काय मासा अडकला होता?"

"खरं सांगू?" सारात हळूच म्हणाला. "ती तिथं बसली, हे मीही पाहिलंच ना. उद्या बाजारात जाईल, दवाखान्यात जाईल, तिथं काय होडी नेणार आपण? आईकडे थोडे महिने राहिली तर काय बिघडलं? ताईची पोरंही आईनंच वाढवली."

चांथूनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर आरोळी ऐकू आली नाही. नूडलवाली आली, थांबली, आणि तशीच पुढे गेली. रीम मावशी फळीवरून विचारायला आली, "गं, ताप आलाय का?"

ताप कसला! तिच्या जिवाला घोर लागला होता. सारात वाईट नव्हता, आणि त्यामुळेच जास्त भीती होती. भांडखोर नवऱ्याशी भांडता येतं. हा गरीब चेहऱ्यानं पोर आईच्या ओटीत घालून मोकळा झाला असता. रिकाम्या खांबाकडे बघत मासे साफ करायचे, ह्या विचारानं चांथूचे हात थांबत.

पण रडत बसणारी ती नव्हे. आमच्या वस्तीत माती म्हणाल तर एकाच ठिकाणी असते, घराच्या पडवीत, कांद्याची पात लावायच्या लाकडी खोक्यात. चांथूनं कंबर कसली. रोज पेज झाली की ती रुमला त्या खोक्यात उभी करायची. रुम पातीवर बसायची. चांथू बगलेत हात घालून उचलायची, "ऊठ! ऊठ गं माझे बाय! ऊठ!" रुम पुन्हा बसायची.

"चांथू," रीम मावशी समोरून ओरडायची, "कांदे लावतेस का पोरं?"

"जे उगवेल ते!"

कांदे काही उगवले नाहीत. सगळी पात चिरडली, सूप बिनपातीचं झालं, आणि रुम मातीत बसायला फार छान शिकली. तेवढा एक शब्द मात्र तिनं उचलला. बाहुली पडली, मांजर झोपलं, बाप लवंडला, की ती जवळ जाऊन म्हणायची, "उत! उत!"

पाणी ओसरायला लागलं. घरं ओढून खोल पाण्यात नेली. मासळीचे दिवस आले, आणि यिय केनचा निरोप आला की ह्या खेपेला धक्क्यावर नाही, घरीच येते.

त्या सकाळी चांथूनं पडवी दोनदा धुतली. रुमला नवा झगा घातला, क्रमा सोडला. "आज मान राख हं आईची," ती कानात म्हणाली. "नुसती चाल. नाचू नको, चाल." सारातची होडी दिसली. होडीत मधोमध, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरून, यिय केन. मांडीवर पिशवी, आणि पिशवीतून डोकावणाऱ्या गुलाबी रबरी चपला, इवल्याशा. घेऊन जायची तयारी करूनच आली होती बाई.

आणि रुमनं एव्हाना विसरलेला तो चेहरा पाहिला मात्र, आईच्या लुंगीसारख्या सारोंगात तोंड खुपसून खाली बसली.

"बसलीच ना?" यिय केन होडीतूनच म्हणाली. "मला ठाऊकच होतं."

चांथूचे डोळे भरले.  यिय केन सारातच्या खांद्याला धरून उठली, तिनं एक पाय पडवीवर ठेवला, दुसरा ठेवला, चपलांसकट, ताठ, गावात वावरते तश्शी. तेवढ्यात व्यापाऱ्याची मोठी होडी इंजिन धडधडवत बाजूनं गेली. लाट आली. घर उचललं गेलं. यिय केन धपकन बसली, दोन्ही पाय वर उचलून धरले आणि बांबूच्या फटीत बोटं रुतवून ओरडली,

"थांबवा! अरे, घर थांबवा कुणीतरी!"

"यिय, घराला ब्रेक नसतो!" रीम मावशी समोरून ओरडली. तिच्या घरात माणसं हसून लोळत होती.

सारोंगामागचं घुंगरू वाजलं. रुमनं डोकं बाहेर काढलं. ही बसायची पद्धत तिच्या चांगलीच ओळखीची होती. ती उठली. घर अजून वरखाली होत होतं आणि ती त्याच्याबरोबर वरखाली होत, पोट पुढे काढून, अख्खी पडवी चालत आजीपर्यंत गेली. आजीचं एक बोट बांबूतून सोडवलं आणि मुठीत धरलं.

"उत!" ती म्हणाली. "यिय, उत!"

चांथूच्या जिभेवर कितीतरी दिवसांपासून घासूनपुसून ठेवलेलं एक वाक्य होतं. त्यात माती होती, पाय होते, शेपटीही होती. ती सासूजवळ गेली, वाकली, आणि म्हणाली, "चपला काढा, आई. गुडघे सैल सोडा. घर हलेल तसं हला, त्याच्याशी भांडू नका."

यिय केननं चपला काढल्या. एका बाजूनं नात, दुसऱ्या बाजूनं सून, अशी ती उठली आणि मधल्या खांबापर्यंत चालत गेली. तिथं तिनं खांबाला मिठी मारली, नेमकी त्या खाचेपाशी.

"तशीच सोडलीस का गं सासूला?" रीम मावशीनं नंतर विचारलं. "मी तर कान टवकारून बसले होते."

"बोलायचं ते माझी लेक बोलली की," चांथू म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. अख्ख्या रांगेला ऐकू गेलं.

यिय केन न्याहारीपुरती आली होती, ती मासळी संपेपर्यंत राहिली. बारीक मासळी टोपलीत घालून पायांनी तुडवायची, मग मीठ लावायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. ती तुडवायला लागली की रुम तिचा सारोंग धरून दुसऱ्या टोपलीत उभी राहून तुडवायची. डोळ्यांपर्यंत खवले उडायचे. एकदा यिय केन थांबली आणि तिनं नातीची पिंडरी चिमटीत धरून पाहिली.

"दगड आहे गं नुसता," ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

सारात जाळं दुरुस्त करत होता. त्यानं जाळं खाली ठेवलं, घसा खाकरला आणि एका दमात म्हणाला, "आई, रुम कुठंही जाणार नाही. ती इथंच राहील. आमच्याजवळ."

"मी विचारलं का तुला?" यिय केन म्हणाली. "तुडव गं बाय."

चांथूनं नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी त्याच्या ताटात माशाचं डोकं वाढलं.

निरोपाच्या दिवशी सगळे धक्क्यावर गेले. गावातल्या बायका आपापल्या टोपल्या भरून बैलगाड्यांपाशी उभ्या होत्या. त्याच, शेपटीवाल्या. यिय केन होडीतून टुणकन उतरली, चार पावलं टाकली आणि झोकांडी खाऊन चिखलात बसली. इतके दिवस हलत्या घरात काढल्यावर तिचे पाय अजून हलतच होते.

"अगं, जमीन हलतेय!" ती म्हणाली.

"यिय, ताडी चढली काय सकाळी सकाळी?" बायकांना हसू आवरेना.

चांथूच्या कडेवर रुम वळवळायला लागली. खाली उतरायचं होतं तिला. चांथूनं तिला मातीत उभं केलं. रुमनं खाली पाहिलं. एक पाय उचलला.  मग रुमनं चिखलात बसलेल्या आजीकडे पाहिलं, उचललेला पाय पुढे टाकला, आणि मग दुसरा. ती जमिनीवरही घरातल्यासारखीच डुलत चालली, हलत नसलेली जमीन स्वतःच हलवत. घुंगरू चिखलात वाजेना, पण ती पोचली.

"उत!"

यिय केन नातीचं बोट धरून उठली. "बघता काय?" ती बायकांवर खेकसली. "कधी पोर चालताना पाहिलं नाही का? पाण्यावर चालतं, मातीत चालतं. तुमच्या पोरांना आणा एकदा तळ्यावर, मग बघू कोण उभं राहतं ते." मग पिशवीतून त्या गुलाबी चपला काढून तिनं चांथूच्या हातात ठेवल्या. "नव्या वर्षाला येशील ना, तेव्हा घालून आण. सण झाला की घेऊन जा तिला तिच्या घरी."

चांथूनं चपला छातीशी धरल्या. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं. तोवर रुम आजीचं बोट सोडून बैलगाड्यांच्या रोखानं, गावाच्या रस्त्यावर, भराभरा निघाली होती. सवयीनं चांथूच्या तोंडून आरोळी गेली, आणि धक्क्यावरचे सगळे बैल दचकले:

"रुम, काठ सोड!"

"इथं कुठला काठ?" सारात हसत म्हणाला. "चालू दे तिला."