सकाळच्या ग्लासाचा वास

महागड्या बाटलीतलं चांगलं ओळखायला अक्कल लागत नाही, किंमत वाचता आली की झालं. खरी परीक्षा स्वस्तातलं चांगलं शोधण्यात. खाडीच्या चिखलात पडलेली नथ शोधावी, तसं ते काम. आणि या कामात भाईंदर पूर्वेला माझ्या नाकाचा असा दबदबा होता की पार बेव्हर्ली पार्कातून माणसं रिक्षा करून यायची. मुलाची पत्रिका दाखवायला आणावी तशी बाटली फडक्यात गुंडाळून आणायची. मी झाकण उघडायचो, डोळे मिटायचो आणि नाकपुड्या अशा फुलवायचो की समोरचा पंख्याचं बटण बघायचा, चालू आहे की काय.

"घ्या," मी म्हणायचो. किंवा, "शत्रूला द्या."

माझा शब्द खोटा ठरल्याचं एकही उदाहरण नाही. वाइन शॉपवाला मला बघून आधीच कान पकडायचा. "काका, इस बार एकदम स्मूद माल है, आपकी कसम!" मी म्हणायचो, "माझी नको, तुझ्या नाकाची घे."

आता एवढी वर्षं झाकून ठेवलेलं सांगून टाकतो. ते नाक माझं नव्हतंच.

आमची दर शनिवारी चौघांची बैठक. बाटली स्वस्तातली, कारण आम्ही चौघेही स्वस्तातलेच. रविवारी सकाळी बायको ग्लास घासायला घ्यायची. तिने जन्मात थेंब चाखलेला नाही, खोकल्याचं औषधसुद्धा मागचं बारीक अक्षर वाचून घेते. पण कुठलंही भांडं आधी हुंगायचं आणि मग घासायचं, ही तिची सवय. दुधाचं पातेलं, डबा, पाण्याची बाटली, कुणाची सुटका नाही. रात्रभर सुकलेल्या ग्लासाच्या तळाशी दारूची खरी जात उरते. वरचा रंग, गोडवा, एसेन्सचा थाट सगळा उडून गेलेला असतो. तो ग्लास नाकाशी नेऊन ती म्हणायची, "गुळाच्या ढेपेसारखा येतोय. चालेल." नाहीतर म्हणायची, "जळक्या फुग्याचा वास येतोय. परत आणलीत तर मी ग्लासात फिनेल ओतून ठेवीन, तुम्हाला फरक कळायचा नाही."

आणि गंमत बघा. गुळाच्या रविवारी आम्ही चौघेही टवटवीत. फुग्याच्या रविवारी डोक्यात गिरणी. अशा एका रविवारी मी कपाटाला धडकलो आणि 'सॉरी हं वहिनी' म्हणालो. बायकोचं मत मी आठवडाभर मुरवायचो आणि पुढच्या शनिवारी डोळे मिटून स्वतःचं म्हणून जाहीर करायचो. कुणी फडक्यातली बाटली आणली, की आधी चोरून लेबल वाचायचो आणि तिचं मत आठवायचो. तिला हे ठाऊक होतं. हसायची आणि सोडून द्यायची.

मग आमच्या लेकीचं जमलं. मुलगा खाडीकाठच्या मुर्धा गावचा, घराणं पूर्वीचं मिठागरवाल्यांचं. होणारे व्याही पहिल्यांदा घरी आले. माणूस दाराएवढा, आवाज दारात न मावणारा. बसल्या बसल्या म्हणाले, "व्याही, तुमचा नाक लय तेज हाय म्हनं? आमच्या गावापरत नाव हाय तुमचा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण स्तुती कानावर पडली की माझी जीभ दावं तोडते. "घराण्यातूनच आलंय," मी म्हणालो. "आमचे आजोबा तर बाटली न उघडता सांगायचे. आम्ही त्यांच्यापुढे कोण? आम्हाला झाकण तरी उघडावं लागतं."

त्याच वेळी बायको पोहे घेऊन बाहेर आली होती. तिने बशी माझ्यापुढे ठेवली. सगळ्यांच्या पोह्यांवर ओलं खोबरं होतं, माझ्या नव्हतं.

"मंग हलदीचा माल तुमीच ठरवायचा," व्याही म्हणाले आणि त्यांनी एक दुखरी गोष्ट सांगितली. त्यांच्या पुतण्याच्या हळदीला कुणीतरी स्वस्तातला भलताच माल आणला होता. दुसऱ्या दिवशी अख्खं वऱ्हाड डोकी धरून आडवं. नवरदेवाच्या मामाला खाटेसकट हॉलवर न्यावं लागलं आणि तोवर मुहूर्त टळला. गावात अजून त्याला झोपलेलं लग्न म्हणतात. "तुमच्या पोरीचा मुहूर्त सकालचाच हाय. सगला गाव येनार, भारीतला पुरनार न्हाय. स्वस्तातला पायजे, पन डोका धरनारा नको. लगीन तुमच्या नाकावर हाय, व्याही."

मी छाती ठोकली. जरा जोरातच ठोकली, खोकला आला.

शनिवारी तीन स्वस्त रम आणल्या. एकीच्या लेबलवर जहाज, एकीवर बुरूज, एकीवर माड. तिन्ही चाखल्या, तिन्ही ग्लास ओट्यावर वेगवेगळे ठेवले आणि निश्चिंत झोपलो. सकाळी बघतो तर तिन्ही ग्लास घासूनपुसून पालथे. इतके चकचकीत की त्यांत मला माझं तोंड दिसलं, आणि ते बघवेना.

"अगं, वास?"

"तुमचं घराण्यातलं नाक आहे ना? ते वापरा."

मी वापरलं. तिन्ही बाटल्या हुंगल्या. तिन्हींना वास एकच आला, शिलाई मशीनच्या तेलाचा. मित्रांना विचारलं. एक म्हणाला जहाज, दुसरा म्हणाला तिन्ही, आणि तिसरा विचार करता करता सोफ्यावर झोपला तो जेवणाला उठला. चार दिवस मी तिच्या मागे मागे फिरलो. न सांगता कोथिंबीर निवडली. शेवटी हात जोडले, "अगं, माझं जाऊ दे, लेकीचं लग्न झोपेल."

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "हुंगते. पण व्याह्यांसमोर सांगायचं, नाक कुणाचं आहे ते."

"सांगतो की!"

"कधी?"

"योग्य वेळी."

"तुमची योग्य वेळ आपल्या लग्नापासून बघतेय मी."

पण हुंगलं तिने. पुन्हा तीन ग्लास, पुन्हा रात्रभर सुकवून. जहाज बाद, जळका फुगा. बुरूज बरी, पण मागून नेलपॉलिश. माडवालीपाशी ती थांबली. "ही. गूळ, आणि जरासं सुकं खोबरं." मी तडक व्याह्यांना फोन लावला. "माडवाली घ्या. नाकाने कौल दिलाय." कुणाच्या ते सांगायला रेंज नीट नव्हती.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने टेरेसवर हळद करायला मनाई केली. म्हणाले, "टाकीत पडली तर बिल्डिंग पिवळी होईल." म्हणून दोन्हीकडची हळद मुर्ध्याला, व्याह्यांच्या अंगणात. संध्याकाळचं ऊन, खाडीवरचा वारा, बँजोचा दणका. मी सांगतो, त्या बँजोवर पलीकडच्या काठावरच्या बगळ्यांनी ताल धरला होता.

तिथे बाटल्या पंगतीत फिरवत नाहीत. आधीच मोठ्या किटल्यांमध्ये ओतून ठेवतात आणि चहासारखी वाढतात. पण त्याआधी एक मान असतो. ज्याने माल पसंत केला, त्याच्या हातात पहिला ग्लास. त्याने चार थेंब गावदेवीला आणि गेलेल्या माणसांना म्हणून जमिनीवर सोडायचे, एक घोट घ्यायचा आणि 'होऊ द्या' म्हणायचं. मगच बाकीचे.

ग्लास माझ्या हातात आला. मी डोळे मिटले, नाकपुड्या फुलवल्या. "व्वा! माड! अस्सल माड!"

"अहो, थांबा," बायकांच्या बाजूने आवाज आला. हात कोपरापर्यंत हळदीने माखलेले, बायको किटलीच्या तोंडाशी सुकलेला ओघळ हुंगत उभी. "ही ती नव्हे. फुगा येतोय यात."

बँजो थांबला. व्याही माझ्याकडे वळले. "विहीनबाय काय बोलतान, व्याही?"

'तुला काय कळतंय त्यातलं' हे वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं. इतक्या वेळा बोललोय की ते आपलं आपण रस्ता काढत येतं. म्हटलं असतं तर अंगण हसलं असतं, माझं नाव राहिलं असतं आणि किटल्या फिरल्या असत्या. पण समोर पाटावर लेक बसली होती, हळदीने पिवळी. ती माझ्याकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती.

मी ग्लास खाली ठेवला. "ती म्हणते तेच खरं," मी म्हणालो. "व्याही, नाक हिचं आहे. पहिल्यापासून हिचंच. माझ्याकडे नुसती सर्दी असते."

"आनि आजोबा?"

"आजोबा ताक प्यायचे."

हसू फुटलं ते खाडीपलीकडे ऐकू गेलं असणार. व्याही मात्र हसले नाहीत. माल आणायला गेलेल्या त्याच पुतण्याला त्यांनी पुढे ओढलं. तो अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "दुकानवाला बोल्ला माडवाली तेवडी न्हाय, बाकीची जहाजवाली देतो. बोल्ला, सेम टू सेम हाय."

"तुजा लगीन झोपला तरी तुजी झोप न्हाय उडली!"

मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. नवऱ्यामुलाच्या आईने एकेक किटली उचलून धरायची आणि आमच्या हिने हात मागे बांधून, पाहणीला आलेल्या कलेक्टरसारखी, झाकणावर सुकलेल्या थेंबांपाशी नाक न्यायचं. "ही चालेल. ही नाही. ही तर अजिबात नाही." पाचांपैकी तीन किटल्या जहाजवाल्या निघाल्या. व्याह्यांनी त्या अंगणातल्या माडाच्या मुळाशी ओतल्या. तो माड तोवर सरळ होता. आज जाऊन बघा, खाडीकडे झुकलाय.

उरलेल्या दोन किटल्यांचा पहिला ग्लास व्याह्यांनी दोन्ही हातांनी माझ्या बायकोपुढे धरला. तिने हळदीच्या बोटांनी चार थेंब जमिनीवर सोडले, 'होऊ द्या' म्हणाली आणि ग्लास माझ्याकडे दिला. "घ्या. गूळ आहे."

दोन किटल्या आणि अख्खा गाव. माणशी दीड झाकणसुद्धा आलं नाही. सगळे कुरकुरत, भरपूर जेवून वेळेत झोपले. सकाळी पुतण्याचा तो खाटेवरचा मामा हॉलवर वॉचमनच्या आधी हजर. मुहूर्त मिनिटाने चुकला नाही. गावाने श्रेय नाकाला दिलं. टंचाईचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही.

अजून दाराची बेल वाजते. दारात कुणीतरी फडक्यात बाटली गुंडाळून उभा असतो. मी सवयीने डोळे मिटून हात पुढे करतो.

"काकू आहेत का?" तो विचारतो.

काकू आतून सांगतात, "ग्लासात ओतून ठेवा आणि उद्या सकाळी या." मी त्याला पाणी देतो, पोहे देतो. खोबरं आता माझ्याही बशीत असतं.